जुन्या मोटारीचा पत्रा आणि आतून येणारा गंज

मोटारीच्या रंगाखाली उठलेला नखाएवढा फोड मालकाला गंजाची सुरुवात वाटतो. परंतु दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकावरच्या कमानीला असा फोड दिसू लागतो, तेव्हा तेथील पत्रा आतल्या बाजूने बराच काळ ओल धरून झिजत आलेला असतो, आणि रंगाला खालून मिळणारा आधार सुटल्यामुळेच तो वर उचलला गेलेला असतो. दगड उडून किंवा ओरखडा पडून बाहेरून लागणारा गंजही असतोच, पण तो डोळ्यांना दिसतो, घासून काढता येतो आणि वेळीच रंग लावला तर तेवढ्यावर थांबतो. जुनी मोटार खऱ्या अर्थाने निकामी करतो तो आतून येणारा गंज. म्हणून पत्र्याच्या दुरुस्तीचा विचार करताना फोड कसा झाकावा यापेक्षा पाणी आत कोठून शिरले, कोठे साचले आणि दुरुस्तीनंतर ते कोठून बाहेर पडणार, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. डेंटिंग-पेंटिंगच्या रोजच्या व्यवहारात नेमके हेच प्रश्न मागे पडतात, आणि मोठा खर्च करून रंगवून घेतलेली गाडी एक-दोन पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा फुगते.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० डी या मॉडेलवर बेतलेली ही गाडी १९६४ पासून बनू लागली, १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने विकली गेली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईचा खारा वारा व पावसाळ्यात तुंबणारे रस्ते कित्येक दशके सोसले. टॅक्सींसाठी ठरलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची सेवा थांबली. परंतु खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा अशा अनेक ठिकाणी आजही चालत्या आहेत. त्यांचे इंजिन दुरुस्त करणारे कारागीर अजून भेटतात आणि जुने सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधले तर मिळतात. पत्रा मात्र प्रत्येक गाडीचा तिच्यापुरताच सडलेला असतो आणि त्याची दुरुस्ती हातानेच करावी लागते.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीचे वजन पेलणारी स्वतंत्र लोखंडी चौकट, नाही. घडी घालून, वाकवून आणि एकमेकांना जोडून पोकळ पेट्यांसारखे केलेले पत्र्याचे भागच येथे सांगाड्याचे काम करतात, आणि या रचनेला मोनोकॉक असे म्हणतात. पद्मिनीप्रमाणेच मारुती ८०० आणि त्यानंतरच्या बहुतेक सर्व प्रवासी मोटारी याच प्रकारच्या आहेत. जुन्या जीपचा एखादा पत्रा गळून पडला तरी चॅसी शाबूत असेपर्यंत ती चालते; मोनोकॉक गाडीत मात्र दारांखालची पेटी किंवा फ्लोअरच्या कडा गंजल्या, की गाडीचा कणाच कमकुवत होतो, आणि हा दोष वरच्या चकचकीत रंगातून कधीच दिसत नाही. पत्रा मुळातच एक मिलिमीटरच्या आत-बाहेर जाडीचा असल्यामुळे झिजायला फार काही शिल्लक नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

लोखंड पाण्याने गंजते हे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण गंजण्यासाठी पाण्याबरोबर प्राणवायूही लागतो आणि या दोहोंच्या जोडीने पत्र्यावर एक सूक्ष्म विद्युत्-रासायनिक क्रिया चालू होते. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच वाहत जवळच्या दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे पाणी व प्राणवायू त्यांना सामावून घेतात. मधल्या ओलीत या दोन्ही क्रियांचे पदार्थ एकत्र येऊन लोखंडाचे तांबूस, पाणी धरून ठेवणारे ऑक्साइड, म्हणजेच गंज, तयार होतो. पाण्यात मीठ असेल तर त्याची वीजवहनाची क्षमता वाढते आणि क्लोराइडमुळे धातूवर टिकू पाहणारा संरक्षक पापुद्राही फुटतो, म्हणून समुद्रकाठी ही क्रिया झपाट्याने होते. कोकणातल्या रस्त्यांवर मासळीच्या ट्रकांतून गळणारे खारे पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागते, तेही येथे हिशेबात धरावे लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाच्या गंजण्याचा वेग ठळकपणे वाढतो, आणि पत्र्यावर मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी आर्द्रताही पुरते. पावसाळ्याचे महिने तर सोडाच, एरवीही मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीची हवा बहुतेक रात्री ही मर्यादा ओलांडते; सोलापूर किंवा लातूरकडे आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा त्याच वयाच्या वेंगुर्ल्याच्या गाडीपेक्षा सहसा धड सापडतो, त्याचे कारण हे आहे.

या क्रियेतील एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे आणि दुरुस्ती समजून घेण्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ओलीच्या ज्या भागाला प्राणवायू भरपूर मिळतो तेथे लोखंड कमी झिजते आणि जेथे प्राणवायू तोकडा पडतो तेथे ते खाल्ले जाते. कारण पहिला भाग इलेक्ट्रॉन घेणारा ठरतो आणि दुसरा ते देणारा. दोन पत्रे एकावर एक ठेवून जोडलेल्या सांध्याच्या आत, चिखलाच्या थराखाली, तडकलेल्या डांबरी कोटिंगमागे किंवा काचेच्या रबरी बीडिंगखाली ओल असते पण हवा खेळत नाही, म्हणून गंज नेमका तेथेच खोल जातो. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुप्पट, चौपट, कधी त्याहूनही अधिक जागा व्यापतो. त्यामुळे सांध्यात अडकलेला गंज दोन पत्र्यांना पाचर ठोकल्याप्रमाणे दूर सारतो, स्पॉट वेल्डिंगचे, म्हणजे दोन पत्रे दाबून त्यांतून वीज सोडल्याने पडलेले, गोल टाके तोडतो आणि नव्या पाण्याला वाट करून देतो. घट्ट दिसणारा सांधा फुगला असेल तर त्याच्या आत काय चालले आहे हे उघडून पाहण्याआधीच सांगता येते.

गाडीच्या रचनेकडे या दृष्टीने पाहिले की गंजाच्या जागा आपोआप कळतात. दाराची काच ज्या फटीतून खाली-वर होते तेथून पावसाचे पाणी दाराच्या आत जातच असते, आणि ते जाणार हे गृहीत धरून दाराच्या तळाला निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत गुलमोहराची बारीक पाने आणि धूळ या भोकांशी साचून लगदा होतो, आणि मग दाराचा तळ चार महिने ओला राहतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतून आलेले पाणी बाजूच्या पोकळीतून खाली उतरते आणि तेथील वाट बुजली की पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाशी थांबते. पावसात ओल्या चपलांबरोबर आत आलेले पाणी रबरी मॅटखालच्या गालिच्यात मुरते, आणि चालकाच्या पायांखालचा फ्लोअर वरून गंजू लागतो. डिकीचे रबर चपटे झाले की स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी जमते. दारांच्या खाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली पोकळ पेटी, जिला सिल किंवा रनिंग बोर्ड म्हणतात, ती तर दोन्हीकडून मारली जाते: बाहेरून चाकांचा चिखल आणि आतून वरून झिरपलेले पाणी.

तपासणीसाठी फार साधने लागत नाहीत. गालिचे, मॅट आणि दारांची आतली पॅनेले काढावीत, गाडी भक्कम टेकूंवर उचलावी, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर हलके ठोकत जावे. धड पत्रा खणखणीत वाजतो आणि सडलेला किंवा भरावाखाली दडलेला पत्रा बद्द आवाज देतो. मऊ कापडात गुंडाळलेले साधे चुंबक फिरवले तर जेथे ते चिकटत नाही तेथे लोखंडाऐवजी भरावाचा जाड थर आहे हे कळते. संशयित जागी टोकदार साधनाने जोर लावून टोचावे, आणि पत्रा टोचून आरपार जात असेल तर हळहळू नये, कारण तो आधीच गेलेला होता. जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी ही तपासणी करू देण्यास विक्रेता नकार देत असेल, तर तो नकारच पुरेसे उत्तर मानावे.

येथे लांबीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. लांबी म्हणजे पॉलिएस्टर राळेत शंखजिऱ्याची पूड मिसळून केलेला भराव. त्यात थोडे हार्डनर मिसळले की तो काही मिनिटांत कठीण होतो आणि पॉलिश पेपरने घासून हवा तसा आकार घेतो. बारीक खळगे सपाट करण्यासाठी हा उत्तम पदार्थ आहे आणि चांगल्यातला चांगला कारागीरही तो वापरतो. परंतु सडलेल्या भोकात जाळी, फायबरग्लास किंवा चक्क कागदाचा बोळा कोंबून त्यावर बोटभर लांबी चढवणे आणि वरून रंग मारणे हा प्रकार सर्रास चालतो, आणि तो दुरुस्ती या नावाला पात्र नाही. कठीण झाल्यावरही लांबी थोडी ओल शोषते, आणि आतल्या बाजूला पोकळीतले पाणी तिला थेट भिडत असल्यामुळे ती ओल भोकाच्या गंजक्या कडांशी धरून ठेवली जाते. त्या कडा पुढे खात जातात आणि लांबीचा गोळा एके दिवशी रंगासह सुटून येतो. दाराच्या बाबतीत हे नुकसान पैशांचे असते. सिल किंवा सस्पेन्शनच्या आधाराजवळ हेच केले असेल तर अपघाताच्या वेळी जो भाग आघात पेलण्यासाठी होता त्याच्या जागी राळेचा गोळा असतो, आणि आत बसलेल्या माणसांना याची कल्पनाही नसते. ग्राहकाला स्वस्तात हवे असते हे गॅरेजवाल्याचे म्हणणे खोटे नाही, पण कणा असलेल्या भागापुरती तरी ही सवलत कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये.

खऱ्या दुरुस्तीची पहिली पायरी कापण्याची आहे. रंग आणि सुटा गंज वायर ब्रशने किंवा ग्राइंडरने काढून, पत्रा चकचकीत आणि पूर्ण जाडीचा लागेपर्यंत मागे जावे लागते. बहुतेक वेळा नाण्याएवढ्या भोकासाठी तळहाताएवढा तुकडा काढावा लागतो, आणि मालकाचा धीर सुटतो तो येथेच. कडेला पातळ झालेला पत्रा ठेवला तर वेल्डिंगच्या ज्योतीने तो जळून भोक मोठे होते आणि काम दुप्पट वाढते, म्हणून कंजूसपणे कापण्यात बचत नसते. कापलेल्या भागाचा पुठ्ठ्यावर छाप घेऊन, सीआर पत्र्यातून, म्हणजे थंड लाटून गुळगुळीत केलेल्या मऊ पोलादी पत्र्यातून, तसाच तुकडा कातरला जातो. मूळ पत्र्याच्या जवळची जाडी निवडावी. बाहेरच्या पॅनेलला साधारण २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा जुळतो. तुकडा डॉलीवर, म्हणजे हातात मावणाऱ्या घडीव लोखंडी ठोकळ्यावर, हातोडीने ठोकून मूळ वळणात आणला जातो, आणि तो हाताने जागेवर धरला असता न दाबता बसला पाहिजे. दाबून बसवलेला तुकडा वेल्डिंगनंतर आपला ताण शेजारच्या पत्र्यात सोडतो.

जोड दोन प्रकारे देता येतो. तुकडा भोकावर आच्छादून कडा एकमेकांवर घेणे सोपे असते, पण त्याने आत एक नवा, ओल धरणारा सांधा तयार होतो, म्हणजे ज्या कारणाने पत्रा सडला तेच कारण पुन्हा पेरले जाते. कडेला कड भिडवून केलेला जोड कठीण असतो, परंतु मागेपुढे एकच पत्रा राहतो आणि दोन्ही बाजू रंगवता येतात. वेल्डिंगची खरी अडचण उष्णतेची आहे. पोलाद वितळण्यासाठी सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागते, तापलेला पत्रा फुगू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही, आणि थंड होताना तो मूळच्यापेक्षा आखूड होऊन शेजारचा पत्रा ओढून घेतो. सपाट पॅनेलमध्ये लाटा उठतात त्या यामुळे. म्हणून सलग ओळ न ओढता बोटा-दोन बोटांच्या अंतराने ठिपक्यासारखे टाके मारतात, पहिला टाका एका टोकाला तर दुसरा समोरच्या टोकाला घेतात, हाताला सोसेल इतका पत्रा निवेपर्यंत थांबतात, आणि मधली अंतरे निम्मी-निम्मी भरत जातात. पाण्याने घाईघाईने थंड करण्यापेक्षा ही वाट पाहणे हेच कौशल्य आहे, आणि कारागिराला त्या वेळेचे पैसे मिळाले पाहिजेत.

जुन्या पिढीतील डेंटर हे काम गॅस वेल्डिंगने, म्हणजे ऑक्सिजन आणि ॲसिटिलिन यांच्या ज्योतीने, करत आले; या पद्धतीत उष्णता मोठ्या भागात पसरते आणि पत्रा अधिक ओढला जातो, पण जोड मऊ राहत असल्याने तो डॉलीवर ठोकून पुन्हा ताणता येतो आणि कुशल हाताखाली सांधा जवळजवळ नाहीसा होतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या सीओटू वेल्डिंगमध्ये यंत्रातून सतत पुढे येणारी तार स्वतः वितळून भराव होते आणि कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचे मिश्रण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. उष्णता थोड्या जागेत राहते, शिकायलाही सोपे जाते, परंतु जोड कठीण होतो आणि तो बहुतांशी ग्राइंडरने घासूनच सपाट करावा लागतो. घासताना शेजारचा पत्रा पातळ करून ठेवणे ही नवशिक्याची नेहमीची चूक असते. पितळी तार वितळवून केलेली जोडणी, जिला ब्रेझिंग म्हणतात, ती कमी उष्णतेत होते खरी, परंतु तिच्यासाठी लावलेला फ्लक्स धुतला गेला नाही तर तोच पुढे पत्रा खातो, आणि एकदा पितळ लागलेल्या जागी नंतर सीओटू वेल्डिंग नीट बसत नाही.

सिलची दुरुस्ती सर्वांत नाजूक असते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि काही गाड्यांत त्यांच्या मध्ये आणखी एक पट्टी, अशा थरांची ही पेटी तळाशी सरळ कडेवर स्पॉट वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडलेली असते, आणि गाडीच्या लांबीभर येणारा भार तीच वाहते. ती कापताच गाडी मधोमध खाली झुकू शकते, मग नवी सिल त्याच झुकलेल्या अवस्थेत जोडली जाते, आणि काम संपल्यावर दारे लागत नाहीत. म्हणून कापण्याआधी गाडीचा भार चाकांच्या जवळ, सस्पेन्शनच्या आधारांवर घ्यावा, दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी दांडे तात्पुरते जोडून ती जखडावी, आणि चारही बाजूंनी दारांभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचाही एकच भाग उघडावा; आतला पत्रा पूर्ण झाल्यावरच बाहेरचा बसवावा. अनेक गाड्यांत जुन्या सिलवरच नवी सिल चढवलेली आढळते, कधी तर अशा दोन-दोन खोळी निघतात. बाहेरून भक्कम भासणाऱ्या या पेटीत आतला मूळ पत्रा भुगा होऊन तळाला साचलेला असतो. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे यंत्र गॅरेजमध्ये नसेल तर नव्या पत्र्याच्या कडेला सहा ते आठ मिलिमीटरची भोके पाडून ती खालच्या पत्र्यासह वेल्डिंगने भरली जातात, आणि या टाक्यांची संख्या मूळ टाक्यांपेक्षा कमी ठेवू नये.

जेथे पत्रा आरपार गेलेला नाही, फक्त खडबडीत आणि खळग्याखळग्यांचा झाला आहे, तेथे कापण्याऐवजी रसायनांचा उपयोग होतो. फॉस्फोरिक आम्ल गंज विरघळवते आणि लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर सोडते. टॅनिक आम्लाचे मिश्रण गंजाशी संयोग पावून निळसर काळे, स्थिर संयुग तयार करते. ही दुसरी क्रिया या प्रदेशाला अनोळखी नाही, कारण सह्याद्रीतल्या हिरड्याच्या फळांत टॅनिन भरपूर असते आणि हिरडा व हिराकस, म्हणजे लोखंडाचे सल्फेट, यांच्या मिलाफातून काळी शाई आणि काळा रंग करण्याची पद्धत जुनी आहे. गंजावर टॅनिन लावल्यावर येणारा काळेपणा त्याच कुळातला. मात्र बाटलीवरच्या आश्वासनांवर विसंबून सुट्या, पापुद्रे निघणाऱ्या गंजावर हे द्रव ओतले तर ते फक्त वरच्या थरात मुरते आणि खालचा गंज आपले काम चालू ठेवतो. आधी घासणे, मग रसायन, मग त्याच्या सूचनेप्रमाणे धुणे किंवा सुकवणे, हा क्रम चुकवता येत नाही. वाळूच्या माऱ्याने गंज काढणे जाड भागांना योग्य असले तरी सपाट बॉनेट किंवा छतावर तो मारा पत्रा वाकवून टाकतो.

उघडा पडलेला पत्रा दमट हवेत काही तासांतच पुन्हा लाल पडू लागतो, म्हणून वेल्डिंग आणि घासणे संपल्याबरोबर तो तेलरहित करून त्यावर इपॉक्सी प्रायमर देणे चांगले. गॅरेजमध्ये सवयीने लावला जाणारा साधा रेड ऑक्साइड प्रायमर एकटा ओल अडवू शकत नाही. इपॉक्सीचा थर पत्र्याला घट्ट धरतो आणि पाणी फारच कमी जाऊ देतो. लांबीची जागा यानंतर येते, आणि ती दोन-तीन मिलिमीटरहून जाड असू नये. पूर्वी कारखान्यांतही सांध्यांवर कथील-शिशाची मिश्रधातू वितळवून पसरवत, आणि तो भराव धातूचाच असल्याने लांबीपेक्षा कितीतरी टिकाऊ असे; शिशाच्या विषारीपणामुळे ती पद्धत मागे पडली. लांबीवर ओला वॉटर पेपर फिरवून ती भिजवण्याची रीतही सोडून द्यावी, कारण मुरलेले पाणी रंगाखाली बंद होते. सर्व सांध्यांवर रबरासारखा लवचीक सीलर, गाडीच्या पोटाला दगडांचा मार सोसणारे कोटिंग, आणि मग रंग, असे पुढचे थर नेहमीच्या पेंटिंगचेच आहेत.

पोकळ भागांच्या आत मात्र ब्रश पोचत नाही, वेल्डिंगने आतला जुना रंग जळलेला असतो, आणि जोडाची आतली बाजू उघडी पडलेली असते. या ठिकाणी पातळ मेण लांब नळीने फवारतात. ते सांध्यांत केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणाने, शिरते आणि सुकल्यावरही मऊ राहून भेगा पडू देत नाही. १९७० च्या दशकापासून परदेशांतील उत्पादक जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरू लागले, अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कोपऱ्या-कोपऱ्यात थर बसवण्याची पद्धत पुढे सर्वत्र आली, आणि म्हणून आजच्या मोटारी जुन्यांपेक्षा उशिरा गंजतात. जुन्या गाडीला हे संरक्षण मिळालेले नसल्यामुळे पोकळीत घातलेले मेण हीच तिच्यासाठी त्याच्या जवळ जाणारी सोय आहे. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला काळे कोटिंग मारून घेण्याचा प्रघात याला पर्याय होत नाही. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर मारलेले कोटिंग सुकल्यावर तडकते आणि आत शिरलेले पाणी कोंडून ठेवते.

या कामातील धोके कारागीर रोज अंगावर घेतात. पेट्रोलची टाकी जवळ असताना वेल्डिंग करू नये, आणि रिकामी टाकी सुरक्षित समजू नये, कारण तिच्यातील वाफ आणि हवा यांचे मिश्रणच स्फोटक असते. बॅटरी सोडवावी, गालिचे व वायरिंग बाजूला करावे, आणि काम संपल्यावरही तासभर जागेवर कोणी थांबावे, कारण पत्र्यामागची ठिणगी उशिरा पेट घेते. जस्त लावलेला पत्रा वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो; जुन्या रंगांत शिसे आणि पिवळ्या क्रोमेट प्रायमरमध्ये कर्करोगकारक द्रव्ये असतात, म्हणून नाकावर रुमाल बांधणे पुरेसे नसून योग्य गाळणीचा मास्क लागतो.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन तिचे नूतनीकरण होते; तेव्हा चॅसी नंबर पाहिला जातो, म्हणून तो ठसा असलेला पत्र्याचा भाग गंजला असला तरी तो कापून फेकण्याचा विचार परिवहन कार्यालयाला विचारल्याशिवाय करू नये. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, पण चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. १९७० च्या दशकातील पद्मिनी आता या वयात येत आहेत. त्यांच्या मालकांनी प्रत्येक टप्प्याची, कापण्याआधीची आणि जोडल्यानंतरची, छायाचित्रे ठेवली तर मूळ आकार राखला गेल्याचे दाखवता येते, आणि पुढच्या कारागिरालाही आत काय आहे ते कळते.

दुरुस्त गाडी प्लास्टिकच्या हवाबंद कव्हरखाली किंवा कोंदट गॅरेजमध्ये ओली ठेवली तर उष्णता आणि ओल यांच्या जोडीने ती उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते. हवा खेळती असलेली शेड किंवा श्वास घेणारे कापडी कव्हर अधिक बरे. मेण फवारल्यानंतर दारांच्या आणि सिलच्या तळाची निचऱ्याची भोके तारेने मोकळी करून घ्यावी लागतात, कारण तेच मेण तेथे गोठून बसते. पहिला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, गालिचे उचलून फ्लोअरला हात लावून पाहावा, सिलवरचे रबरी बूच काढून आत टॉर्चचा झोत टाकावा, आणि जेथे मेणाचा थर विरळ दिसेल तेथे पुढच्या जूनच्या आत पुन्हा फवारणी करून घ्यावी.